क्रूझर विकताना: किल्ली देण्याआधी नाव उतरवा

२०१४ साली मी माझी ॲव्हेंजर ही क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्याला आरामात चालवायची मोटरसायकल, विकली, तेव्हा सगळा कारभार अर्ध्या तासात उरकला होता. जुन्या गाड्यांच्या एका दुकानदाराने नोटा मोजून दिल्या, मी दोन-तीन फॉर्मवर सह्या केल्या, किल्ली टेबलावर ठेवली आणि रिक्षाने घरी आलो. घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळे रकाने कोरे होते. "साहेब, पार्टी भेटली की आम्ही भरून टाकतो," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. तीन वर्षांनी घरी नोटीस आली. गाडी मी कधी न गेलेल्या गावात कुणाच्या तरी दारातल्या टपरीवर आदळली होती. कुणाला लागलं नव्हतं हे नशीब. पण गाडीचा मालक कागदोपत्री मीच होतो आणि तो दुकानदार तोवर गाळा सोडून गेला होता.

गेल्या डिसेंबरात २०१६ची रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० विकली. या वेळी एकोणीस दिवस लागले, आणि मी ते मुद्दाम लागू दिले. त्या एकोणीस दिवसांत काय काय केलं, कुठे अडलो, कशावर उगाच पैसे घालवले नाहीत, ते खाली लिहितो. माझी गाडी पुण्याची, एमएच १२. पण महाराष्ट्रात कुठेही मीटिऑर, ॲव्हेंजर किंवा अशी कुठलीही जपलेली क्रूझर विकायला काढणार असाल तर बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी कागद, मग पॉलिश

बहुतेक जण सुरुवात गाडी धुण्यापासून करतात. मी म्हणेन, आधी एमपरिवहन ॲप उघडा आणि स्वतःच्याच गाडीचा नंबर टाका. नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का, मोबाइल नंबर चालू आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेचा बोजा अजून दिसतोय का, हे पाहा. मोबाइल नंबर जुना असेल तर तो पहिल्यांदा बदलून घ्या. पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येणार असतात, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आपलं सिमकार्ड चार वर्षांपूर्वी बंद झाल्याचं आठवणं बरं नव्हे.

कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला, असा अनेकांचा समज असतो. माझाही होता. हप्ते २०१९मध्ये संपले, बँकेची एनओसी आली, मी ती कपाटात ठेवली आणि विसरलो. आरसीवर बँकेचं नाव तसंच. तो बोजा उतरवायला फॉर्म ३५ दोन प्रतींत, बँकेच्या सही-शिक्क्यासह लागतो आणि ती एनओसी साधारण तीन महिनेच चालते. सहा वर्षं जुना कागद कुणी घेतला नाही. बँकेतून नवा मिळवायला मला बारा दिवस लागले. म्हणून विकायचा विचार मनात आला त्याच आठवड्यात हे काम लावा. जाहिरात त्यानंतर.

गाडी १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, लागेल. ती नसेल तर मालकी हस्तांतरासारखी कामं आरटीओत अडतात. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये होतात. मी जुनी फॅन्सी नंबर प्लेट उतरवताना जरा हळहळलो, पण ती तशीही बेकायदाच होती.

मग चलानं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे आकडे टाकले की सगळी पापं समोर येतात. माझी दोन निघाली. त्यातलं एक सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या पुढे उभं राहिल्याचं, फोटोसकट. भरून टाका आणि पावती जपून ठेवा. खरेदीदार आजकाल गाडी बघायला येण्याआधीच ही यादी बघून येतो.

सर्व्हिसची बिलं, पुस्तिका, दुसरी किल्ली, टायर आणि बॅटरीच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. माझ्याकडची अर्धी बिलं अधिकृत सर्व्हिस सेंटरची आणि अर्धी ओळखीच्या मेकॅनिकच्या वहीच्या पानावरची होती. मी दोन्ही लावली. वहीच्या पानावर किलोमीटरचा आकडा आणि तारीख असेल तर त्यालाही वजन येतं.

भाव कसा काढायचा

इथे मन घट्ट करावं लागतं. आपण गाडीवर काय काय चढवलं, लेहला जाऊन आली, पावसात कधी भिजू दिली नाही, हे सगळं आपल्यासाठी. बाजार वर्ष, किलोमीटर, मालक कितवा आणि अवस्था एवढंच बघतो.

ऑनलाइन जाहिरातींतला आकडा हा विकणाऱ्याने लावलेला भाव असतो. गाडी त्या भावाला गेली असं त्यातून कळत नाही. मी आपल्याच जिल्ह्यातल्या, त्याच सालच्या आगेमागे असलेल्या आठ-दहा जाहिराती निवडल्या आणि दोन आठवडे रोज पाहत राहिलो. ज्या महिनाभर तशाच पडून होत्या त्यांचा भाव जास्त होता हे उघड आहे. ज्या चार दिवसांत गायब झाल्या त्यांचा आकडा वहीत लिहून ठेवला. त्याशिवाय एका दुकानात जाऊन मुद्दाम भाव विचारला. त्यांनी ६३,००० सांगितले. हा झाला तळ. खासगीत विकून याच्या वर जे मिळेल ती आपल्या एकोणीस दिवसांची मजुरी.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. रॉयल एनफिल्डने आपल्या ३५० सीसीच्या गाड्यांच्या किमती २२,००० रुपयांपर्यंत उतरवल्या. नवीच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीचा भाव कसा टिकणार? त्याआधीच्या जाहिराती बघून भाव ठरवलात तर फोन येणार नाहीत. ३५०च्या वरच्या गाड्यांवर मात्र कर ४० टक्के झाला. त्यामुळे ५००ची थंडरबर्ड किंवा ६५०ची जपलेली क्रूझर असेल तर पडत्या भावात देण्याची घाई करू नका.

आपल्या गाडीत नव्या गाडीत नसलेलं काय आहे, हेही शोधा. थंडरबर्ड बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर २०२०मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्या जागी मीटिऑर आली. मीटिऑर बाकी सगळ्यांत सरस आहे हे मी मान्य करतो, पण तिला किक नाही आणि टाकी १५ लिटरची आहे. थंडरबर्डला किक आहे, टाकी २० लिटरची आहे. मला आलेल्या फोनांपैकी निम्मे लोक याच दोन गोष्टींसाठी विचारत होते.

मी ९२,००० लावले. ८२,०००च्या खाली यायचं नाही असं बायकोला सांगून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी मला विरघळता येणार नाही.

मुहूर्ताचंही सांगतो. पितृपक्षात गाडी बघायलासुद्धा कुणी येत नाही. दसरा-दिवाळीला नवी गाडी घेणाऱ्यांच्या एक्सचेंजमधल्या जुन्या गाड्यांचा दुकानात ढीग लागतो. भर पावसाळ्यात क्रूझर घ्यायची हौस कुणाला नसते. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की कोकण-गोव्याचे बेत सुरू होतात, तेव्हा चांगले फोन येतात. दुसरा हंगाम मार्च-एप्रिल, लडाखला निघणाऱ्यांचा.

काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं

नियम साधा ठेवा. सुरक्षितता आणि ट्रायलला जाणवेल ते दुरुस्त करा, दिसण्यावर मोठा खर्च करू नका. मी ब्रेक पॅड, क्लचची केबल, मागचा एक इंडिकेटर बदलला, चेन साफ करून ताण नीट केला, स्पोक ठोकून बघून सैल होते ते आवळून घेतले. टायर निम्मे शिल्लक होते, ते बदलले नाहीत. नवे टायर घातले तर खर्च पूर्ण आपला आणि भावात त्याचा चौथा हिस्साही येत नाही.

टाकीवरचा जुना ओरखडा रंगवून घेऊ नका. ताजा रंग दिसला की जाणकार माणूस बोटाने टाकीवर टकटक करून बघतो आणि विचारतो, "पडली होती का?" मग तुम्ही काहीही सांगा. ओरखडा तसाच ठेवून "पार्किंगमध्ये शेजारच्या सायकलने केलाय" म्हटलेलं लोक जास्त पटकन मानतात.

सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा परत चढवा. तो इंदोरी सायलेन्सरचा आवाज तुम्हाला कितीही प्यारा असला तरी तो बेकायदा आहे, पोलिस असे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर रोलर फिरवतात हे गिऱ्हाइकाने बातम्यांत पाहिलेलं असतं. शिवाय क्रूझर घेणारा माणूस अनेकदा चाळिशीचा, शांतपणे चालवणारा असतो. त्याला डुगडुग हवी असते, कानठळ्या नको असतात. लेगगार्ड, बॅकरेस्ट असू द्या. महागड्या सॅडलबॅगा आणि विंडशील्ड काढून वेगळे विका. गाडीबरोबर त्यांचे पैसे कुणी देत नाही, वर "ते तर राहू द्या की" म्हणून घासाघीसही होते. नाना पेठेत जुन्या ॲक्सेसरीजची विचारपूस केली तर अंदाज येईल.

धुताना प्रेशरचा पाइप चाकाच्या बेअरिंगवर, मीटरवर आणि चेनवर धरू देऊ नका. आणि इंजिनवर ते चमकणारं तेलकट पाणी मारू नका. धूळ बसते, वर कुठून तेल गळतंय की काय अशी शंका येते.

फोटो आणि मजकूर

सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळच्या मऊ उन्हात, रिकाम्या भिंतीसमोर. मोबाइल टाकीच्या उंचीवर धरा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत क्रूझर बुटकी दिसते आणि तिची लांबी, जिच्यासाठी लोक ती घेतात, ती मरते. दोन्ही बाजू, पुढून, मागून, चावी लावून मीटरचा आकडा, दोन्ही टायरचे खाचे, चेन-स्प्रॉकेट, सीट. आणि जे ओरखडे आहेत त्यांचे जवळून फोटो. नंबरचे शेवटचे दोन आकडे झाकले तरी चालेल, पण मग फोनवर मागणाऱ्याला द्या. नाही दिला तर तो पुढे बोलतच नाही, आणि त्याचंही बरोबर आहे.

मजकुरात "मस्त कंडिशन, एक रुपयाचं काम नाही" हे वाक्य सगळेच लिहितात, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. मी लिहिलं ते असं: थंडरबर्ड ३५०, २०१६, पहिला मालक, पुणे पासिंग, ३८,४०० किलोमीटर, बोजा उतरवलेला, एचएसआरपी बसवलेली, चलान नाही. मागचा टायर ५० टक्के. टाकीवर डावीकडे एक ओरखडा, फोटोत दाखवलाय. सकाळी थंड इंजिनवर सुरू करून दाखवेन. भाव ९२,०००, गाडी बघितल्यावर थोडंफार होईल.

"थंड इंजिनवर" या शब्दाने तीन जणांनी फोन केला असं त्यांनीच सांगितलं.

फोन, आणि फोनवरचे चोर

पहिल्या तासात "लास्ट प्राइस?" असे बारा मेसेज येतील. उत्तर एकच: "गाडी बघून बोलू." फोनवर भाव उतरवलात तर तो माणूस प्रत्यक्ष आल्यावर तिथून आणखी उतरवायला सुरुवात करतो.

मग फसवणारे. यांचा एक प्रकार इतका ठरलेला आहे की पहिल्या वाक्यात ओळखू येतो. समोरचा सैन्यात असल्याचं सांगतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, भाव अजिबात करत नाही, गाडी न बघताच घेतो आणि लगेच एक क्यूआर कोड पाठवतो: स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घरात ज्याचा फोन जाहिरातीत दिला असेल, वडील असोत की मुलगी, त्यालाही हे सांगून ठेवा. आमच्याकडे माझ्या वडिलांनी फोन उचलला आणि त्या "मेजरसाहेबां"शी त्यांची दहा मिनिटं छान गट्टी जमली होती. तेवढ्यात मी आलो.

गाडी बघायला माणूस येतो तेव्हा

घराच्या पार्किंगमध्ये, उजेडी, घरात दुसरं कुणी असताना बोलवा. एकट्याने रात्री पेट्रोल पंपावर भेटायला जाऊ नका.

गाडी आधी गरम करून ठेवू नका. हा मोह सगळ्यांना होतो. जाणकार आल्या आल्या इंजिनला हात लावून बघतो आणि ते कोमट लागलं तर त्याच क्षणी तुमच्या फाइलचीही किंमत उतरते. थंड इंजिन समोर सुरू करून दाखवा, आधी सेल्फने, मग किकने. थंडरबर्डच्या या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात सेल्फला इंजिनाशी जोडणारा स्प्रॅग क्लच झिजला की सेल्फ मारताना खडखड आवाज येतो, हे माहीत असणारे लोक कान देऊन ऐकतात. त्यांना ऐकू द्या. दोन-तीन मिनिटं बोलू नका. विकणाऱ्याला गप्प बसणं जमत नाही, आणि त्यामुळेच बरेच सौदे बिघडतात.

ते पुढे काय बघतील तेही आधीच बघून ठेवा: पुढच्या शॉकअबच्या नळीवर तेलाचा पट्टा, हँडल सावकाश वळवताना मध्यात अडकल्यासारखं होतं का म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, कोनसेट, गेलंय का, चेनचा ताण, ब्रेक दाबल्यावर डिस्कचा आवाज, टाकीच्या झाकणाखालचा गंज.

ट्रायल द्यावीच लागते. त्यात माझे चार नियम. लायसन्स बघायचं, आणि त्यावर गिअरच्या मोटरसायकलचा, म्हणजे एमसीडब्ल्यूजीचा, उल्लेख आहे का तेही बघायचं. विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड आहे. चालवणारा अठराच्या आतला असेल तर दंड २५,००० आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. दुसरं, येताना ज्या गाडीने आला ती माझ्या पार्किंगमध्ये, किल्ली माझ्या हातात. तिसरं, हेल्मेट, माझं नाही तर त्याचं. चौथं, मी मागे बसणार. "काका, तुम्ही कशाला, मी दोन मिनिटांत येतो," असं एक जण म्हणाला. मी म्हटलं, "मलाही शेवटची चक्कर मारायचीय रे." तो हसला आणि मी बसलो.

घासाघीस

शेवटी गाडी घेतली ती वारज्याच्या एका मुलाने. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली, बरोबर त्याचे मामा. मुलगा गाडीभोवती फिरत होता, मामा फाइल वाचत होते. अशी जोडी आली की समजा, सौदा मामांशी होणार.

"पाहुणे, पंच्याहत्तरला करून टाका. पोराची पहिली गाडी आहे."

"मामा, पंच्याहत्तरला द्यायची असती तर मी इतके दिवस थांबलो नसतो. टायर मागचा सहा महिन्यांत बदलावा लागेल, चेनसेटही वर्षभरात येईल. त्याचे कमी करतो. सत्त्याऐंशी."

मी जे कमी करणार होतो त्याला कारण जोडलं, हे महत्त्वाचं. नुसतं "चला, दोन हजार सोडले" म्हटलं की समोरच्याला वाटतं अजून सुटतील. टायरचे म्हणून सोडले की तो विषय तिथे संपतो. पंच्याऐंशीला जमलं. इसार म्हणून ५,००० त्याने लगेच पाठवले, मी व्हॉट्सॲपवरच लिहून दिलं: इसार मिळाला, सात दिवसांत व्यवहार, मी मागे फिरलो तर परत, तुम्ही फिरलात तर जाहिरातीच्या दिवसांचे म्हणून २,००० माझे. मामांनी अंगठा वर केलेला पाठवला. तोही कागदच.

त्याच संध्याकाळी बेळगावहून फोन आला, ८९,००० देतो म्हणून. माणूस भला वाटला, मराठीत छान बोलला. तरी नाही म्हटलं. इसार घेतला होता हे एक. दुसरं कारण असं की राज्याबाहेर गाडी देणं हे वेगळं प्रकरण आहे. आपल्या आरटीओतून फॉर्म २८ तीन प्रतींत भरून एनओसी काढायची, मग घेणाऱ्याने तिकडे कर भरून नवा नंबर घ्यायचा. त्यात बराच वेळ जाऊ शकतो, आणि तो नंबर पडेपर्यंत गाडी तुमच्याच नावाने तिकडे फिरते. बेळगाव असो, पणजी असो की हैदराबाद, असं गिऱ्हाईक आलंच तर एनओसी हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका आणि त्यासाठी लागणारा वेळ आधीच स्पष्ट सांगा.

व्यवहाराचा दिवस

माझा क्रम ठरलेला होता: पैसे, अर्ज, डिलिव्हरी नोट, किल्ली. यातला कुठलाच पुढे-मागे केला नाही.

पैसे बँकेतूनच घ्या. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाखाची असते, त्यामुळे ८०,००० जाऊ शकतात. पण ॲप नवं टाकलेलं असेल किंवा फोन बदललेला असेल तर पहिल्या दिवशी खूप कमी जातात. आदल्या दिवशी विचारून घ्या. पैसे आल्याचा मेसेज किंवा समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. कुणी रोखच देणार असेल तर आपल्या बँकेच्या शाखेत भेटा, नोटा कॅशियरच्या मशिनमधून जाऊ द्या आणि तिथेच खात्यात भरा.

आता टीटीओ, म्हणजे मालकी हस्तांतर. फॉर्म २९ हा विकणाऱ्याने गाडी विकल्याची सूचना, दोन प्रतींत. फॉर्म ३० हा हस्तांतराचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या. बरोबर मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. तो नंबर हँडलच्या मानेवर असतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, पातळ कागद लावा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा. दुचाकीच्या हस्तांतराची सरकारी फी १५० रुपये आहे, वर स्मार्ट कार्ड आणि टपालाचे होतात. एजंटने हजारांत आकडा सांगितला तर त्यातलं त्याचं किती ते कळावं म्हणून सांगतोय. एजंट वाईट असतो असं नाही, वेळ नसेल तर जरूर घ्या.

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि आधारची पडताळणी वापरली तर अनेकदा कार्यालयात जावंही लागत नाही. आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. मामांचा मात्र ऑनलाइनवर विश्वास नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन कागद देऊन पोच घेतली. मीही खूश झालो. फॉर्म २९च्या पोचीची झेरॉक्स आता माझ्या फाइलमध्ये आहे.

हा सगळा आटापिटा कशासाठी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. "त्याने करायचं होतं, त्याने केलं नाही" हे कोर्टात चालत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. मूळ मालकाने २००७मध्ये गाडी विकली होती, ती पुढे हातोहात गेली, २००९मध्ये अपघात झाला, आणि आरसीवर नाव पहिल्याचंच असल्यामुळे भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. गाडी कुणाच्या ताब्यात होती याने फरक पडला नाही. माझ्या ॲव्हेंजरची टपरी आठवली की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून डिलिव्हरी नोट करा, पण ती हस्तांतराची जागा घेते असं समजू नका. ती आपला पुरावा, एवढंच. महाराष्ट्रात आता करारनाम्याला १००चा स्टॅम्प चालत नाही, ५००चा घ्या. त्यात गाडी, चेसिस आणि इंजिन नंबर, मीटरचा आकडा, रक्कम, पैसे आल्याचा व्यवहार क्रमांक आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ, मिनिटासकट. आमच्या नोटेत "सायं. ६ वा. २० मि." असं आहे. त्यानंतरचं चलान, अपघात, गुन्हा घेणाऱ्याचा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आधारच्या प्रती. एक साक्षीदार मामा, दुसरे आमच्या सोसायटीचे सचिव.

खासगी गिऱ्हाइकाची वाट बघायला वेळच नसेल आणि दुकानदारालाच द्यायची असेल, तर २०१४चा मी होऊ नका. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी वेगळे नियम आहेत. त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का बघा, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना, म्हणजे फॉर्म २९सी, पोर्टलवर झाली का ते तिथेच बसून बघा. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. "सगळेच करतात" म्हणाला तरी नाही.

विम्याचं उरलेलं

मालकी बदलली की घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करायची असते. हे त्याला लिहूनच द्या, नवी पिढी ॲपवर पॉलिसी बघते आणि नाव कुणाचं ते बघत नाही. गाडी १ सप्टेंबर २०१८नंतर घेतलेली असेल तर तिचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, त्यातला काही काळ शिल्लक असेल तर जाहिरातीत लिहा. तो घेणाऱ्याचा फायदा आहे.

पण दावा न केल्याचा बोनस, एनसीबी, हा गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर ५० टक्के सूट होते. ती गाडीबरोबर फुकट देऊ नका. विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या दुचाकीला लावता येतं. मी अजून पुढची ठरवलेली नाही. पत्र मात्र फाइलमध्ये आहे.

तो मुलगा गाडी घेऊन गेला त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर मी ॲपवर जुना नंबर टाकून बघायचो. मालकाच्या रकान्यात नाव फुल्यांनी झाकलेलं असतं, फक्त एखाद-दुसरं अक्षर दिसतं. इतके दिवस तिथे माझंच अक्षर होतं. तेविसाव्या दिवशी ते बदललेलं दिसलं. स्क्रीनशॉट काढला, विमा कंपनीला पाठवला आणि नंबर ॲपमधून काढून टाकला.